सर जेवत का नाहीत?

१२ जानेवारी

प्रिय साडूभाऊ,

तुमची मेहुणी काल सकाळी क्रेन शिकायला रवाना झाली आणि आज सकाळी मी पहिला भात करपवला. दोन्ही बातम्या एकदमच कळवतो.

बंदरावरची ती मोठी क्रेन तुम्ही पाहिली आहे. तिच्यावर बसायचं तर सहा महिन्यांचं शिक्षण घ्यावं लागतं, तेही परगावी. मध्येच सोडून आलं की जागा दुसऱ्याला. जाताना ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "माणसं मोजून ठेवून जातेय. परत आल्यावर तेवढीच, आणि तेवढ्याच वजनाची मिळाली पाहिजेत." मी घड्याळजी माणूस. लोक माझ्याकडे बंद पडलेल्या वस्तू आणतात, ही मला चालू घर देऊन गेली.

आता घरात आम्ही तिघं. मला भूक लागली की काहीही चालतं, म्हणून माझी अडचण नाही. भिंगरी मात्र सात वर्षांची झाली तरी पाव आणि बटाटा सोडून कशालाही अन्न म्हणायला तयार नाही. आणि आपल्या दोघांचे सासरे, सर. जन्मभर शाळेत कवायत शिकवली, अजून जेवायला बसताना ताठ बसतात आणि मलाही बसवतात. ताटात काहीही वाढा, तक्रार नाही. "जावईबापू, चौऱ्याहत्तरीत बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत आहेत, दगडही चावीन," असं आज माझा भात बघून म्हणाले. टोमणा होता की धीर, कळलं नाही.

तेव्हा मदत करा. तुम्हाला डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितल्यापासून तुम्ही सगळ्या जगाचं मीठ कमी करायला निघाला आहात, हे मी ऐकून आहे. फोनवर विचारलं असतं, पण फोन सरांच्या आरामखुर्चीच्या उशाशी. आपण दोघं "हॅलो" म्हणायच्या आत ते तिसरे बोलायला लागतात. म्हणून पत्र.

ताईंना नमस्कार.

तुमचा,
भातकरपव्या साडू


२० जानेवारी

प्रिय साडूबुवा,

पत्र पोचलं. त्यात 'परिस्थिती' हा शब्द तुम्ही कुठेही वापरला नाहीत, याबद्दल आभार. मागच्या पत्रात तो तीनदा आला होता आणि तिन्ही वेळा वेगळा आला होता. मी छापखान्यात मुद्रितं तपासतो, माझी नजर चुकीवर जातेच. राग मानू नका.

आता मुद्द्यावर येतो. मनातल्या मनात ताटाचे भाग पाडा. अर्ध्या ताटात भाज्या आणि फळं. उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करा. एकात भात किंवा पाव, शक्यतो कोंड्यासकट. दुसऱ्यात डाळ, अंडं नाहीतर मासा. तेल, साखर आणि मीठ पाहुण्यासारखं यावं आणि लवकर जावं. मी प्रूफ तपासतो तसं ताट तपासतो. पांढरंफटक दिसलं की समजायचं, काहीतरी गाळलं गेलंय. कच्चं खा. गाजर, बीट, काकडी. चावायला वेळ लागतो, त्यामुळे माणूस जास्त खात नाही. आणि मूठभर सुकामेवा रोज. सोबत अक्रोडांचा डबा पाठवतोय, तो मुद्दाम सरांसाठी. त्या दातांना काहीतरी काम हवं.

भिंगरीशी भांडू नका. तुम्ही खाल ते ती खाईल. तुम्ही काय खाता, हाच खरा प्रश्न आहे.

तुमचा,
साडू


१६ फेब्रुवारी

प्रिय साडूभाऊ,

तुमचं ताट सुरू केलं. पहिल्या दिवशी भिंगरी म्हणाली, "बाबा, हे जेवण आहे की रंगपेटी?" दुसऱ्या दिवशी तिने बीट ओठांना लावून शाळेत जायचा हट्ट धरला. खाल्लं नाही, पण जवळ तरी आलं. आज गाजराचा एक तुकडा गेला पोटात. मी बघत नाही असं दाखवलं आणि ती खात नाही असं तिने दाखवलं.

सरांचं मात्र कौतुक करावं तेवढं थोडं. तुमचं कच्चं सुरू झाल्यापासून ते ताट घेऊन गॅलरीत जातात. "उन्हात बसून निवांत चावतो," म्हणतात. अर्ध्या तासाने ताट इतकं लख्ख परत येतं की घासावं की नाही असा प्रश्न पडतो. अक्रोडाचा डबाही संपत आला. हल्ली बोलतात कमी. परवा मी काहीतरी विचारलं तर तोंडावर हात धरून "हूं" म्हणाले. माझ्या स्वयंपाकावरचं हसू लपवत असणार. सभ्य माणूस.

आणि तुम्हाला बरं वाटेल असं एक सांगतो. काल पट्टा घेऊन माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "आणखी एक भोक पाडा, आतल्या बाजूला." माझ्याकडे बारीक हत्यारं असतातच. पाडून दिलं. पोट उतरलंय. तुमची पद्धत लागू पडली म्हणायची.

रात्री मात्र चहा-बिस्किटावर भागवतात. बिस्किट चहात बुडवून अगदी लगदा करून खातात. म्हातारपणी माणूस लहान होतो म्हणतात ते हेच असावं.

तुमचा,
साडू


२५ फेब्रुवारी

प्रिय साडूबुवा,

तुमचं पत्र मी छापखान्यात सगळ्यांना वाचून दाखवलं. पट्ट्याचं ते भोक म्हणजे प्रशस्तिपत्र आहे, त्याला चौकट करून लावा. आता थांबू नका. मोड आलेले मूग कच्चे द्या. रात्रीचं बिस्किट बंद करून त्या जागी सफरचंद, सालीसकट. अक्रोडांचा दुसरा डबा येत्या आठवड्यात निघतोय.

तुमचा,
साडू

(भावजी, समासात लिहितेय, यांना कळलं तर समास मोकळे ठेवण्यावर व्याख्यान देतील. बाबांच्या वयाला पट्टा सैल होणं ही आनंदाची बातमी नसते हो. त्यांचा चेहरा जरा नीट बघा. आणि हे जगाला कोंडा खायला सांगतात ना, ते छापखान्यासमोरच्या बेकरीतून रोज शर्टावर पिठीसाखर घेऊन येतात. — ताई)


९ मार्च

साडूभाऊ,

आधी घाबरू नका. सर ठीक आहेत. आता सांगतो.

मंगळवारी सकाळी ते दूध आणायला खाली गेले आणि परत येताना जिन्यात बसकन खाली बसले. बसले म्हणजे पडलेच, पण तळमजल्यावरच्या शिंपिणीने वेळेवर मागून धरलं म्हणून बसले म्हणायचं. मी धावत गेलो तर तोंड पांढरं, कपाळावर घाम, आणि तरी तिला सांगत होते, "जिन्याचा उतार चुकलाय." उचलून वर आणलं. साडूभाऊ, मी त्यांना एकट्याने उचललं. ज्या माणसाने माझ्या लग्नात मला खांद्यावर घेऊन नाचवलं, तो माणूस मला भिंतीवरच्या घड्याळाएवढा वाटला.

डॉक्टरांनी सगळं तपासलं. हाड शाबूत आहे. "पोटात काही नाही म्हणून चक्कर आली. काय जेवता?" डॉक्टरांनी विचारलं. सर तोंडावर हात धरून म्हणाले, "सगळं." डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना उपाशी कोंडून ठेवलंय.

घरी येऊन त्यांना झोपवलं आणि हवा खायला गॅलरीत गेलो. तिथे तुमच्या मेहुणीच्या फुलझाडांच्या कुंड्या आहेत. एका कुंडीला मुंग्या लागल्या होत्या. माती उकरली तर खाली गाजर. त्याच्या खाली काकडी, बीट, मूग, अर्धं सफरचंद आणि तुमचे अक्रोड, जवळजवळ डबाभर. या घरात समतोल आहार फक्त त्या कुंडीला मिळत होता.

मला आधी राग आला, मग हसू आलं, मग दोन्ही गेलं. आपण दोघांनी पत्रांतून इतकी ताटं मांडली आणि ते माणूस रोज उपाशी उठत होतं.

का, ते मला नंतर कळलं आहे. पण सांगता येत नाही, शब्द देऊन बसलोय. तुम्ही फक्त एवढं करा, अक्रोड पाठवू नका. कारण विचारू नका. आणि त्यांच्या पडण्याबद्दल तुमच्या मेहुणीला एक अक्षर कळता कामा नये. कळलं तर ती शिक्षण टाकून पहिल्या गाडीने येईल.

तुमचा,
साडू


१७ मार्च

आदरणीय साडूसाहेब,

आपलं पत्र मिळालं. सरांच्या प्रकृतीला उतार आहे हे वाचून बरं वाटलं. अक्रोडांविषयीची सूचना नोंदवून घेतली आहे. माझ्या सल्ल्याची जागा कुंडीत आहे हेही लक्षात आलं. यापुढे विचारल्याशिवाय सल्ला दिला जाणार नाही, आणि विचारल्यास विचार केला जाईल.

'समतोल' हा शब्द आपण या खेपेस अचूक लिहिला आहे.

आपला,
सहीपुरता साडू


१८ मार्च

भावजी,

हे पत्र तुमच्या दुकानाच्या नावाने धाडतेय, बाबांच्या हाती लागायला नको.

आमच्या घरी परवापासून सुतक पाळल्यासारखी शांतता आहे. हे रुसलेत. जेवताना ताटाचे भाग पाडत नाहीत, मुकाट्याने खातात. तुमच्या पत्राने मला मात्र झोप नाही. तोंडावर हात, बिस्किटाचा लगदा, कुंडीतली गाजरं, आणि अक्रोड पाठवू नका. भावजी, शब्द मोडू नका, पण मी लिहिते ते खरं असेल तर नुसतं हो म्हणा. बाबांची कवळी मोडली ना?

दचकलात? त्या बत्तीस दातांतले वरचे सगळे खोटे आहेत. शाळेत शिकवत असतानाच खेळाच्या मैदानावर पडून बरेच गेले, बाकीचे मागाहून काढले. सुट्टीत आमच्या आजीकडे जातो सांगून बसवून आले. कवायत शिकवणाऱ्या माणसाला दात नाहीत हे पोरांना कळलं तर शिट्टी कशी फुंकणार, अशी लाज. आम्हा दोघी बहिणींना कधी सांगितलं नाही. आईने जायच्या आधी सांगून ठेवलं, "त्यांना वाटतं कुणाला माहीत नाही. वाटू द्या." तेव्हापासून आम्ही वाटू देतोय. यांनाही सांगितलेलं नाही, कारण यांच्या पोटात फक्त अन्न राहतं.

आता खरं काय ते लिहा.

— ताई


२६ मार्च

ताई,

हो.

आता तुम्हाला माहीतच आहे म्हटल्यावर सगळं सांगतो, शब्द मोडल्यासारखं होत नाही.

सर पडले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी चौकातल्या मनोऱ्याचं घड्याळ बघायला गेलो होतो. काम लवकर आटोपलं. दुपारी परत आलो तर दुकानात, म्हणजे आमच्या पुढच्या खोलीत, माझ्या टेबलाशी सर बसलेले. डोळ्याला माझं भिंग. समोर माझ्या छोट्या चिमट्यात काहीतरी गुलाबी पकडलेलं. हातात घड्याळाच्या काचा चिकटवायच्या लुकणाची बाटली. ती बाटली लवकर संपतेय म्हणून मी महिनाभर दुकानदाराला शिव्या घालत होतो.

"सर?" मी म्हटलं.

त्यांनी भिंग काढलं नाही. "कवायत चालू असताना मध्ये बोलायचं नाही." पण शब्द नीट उमटेनात, सगळे 'त' कुठेतरी घरंगळले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

जवळ जाऊन बसलो. कवळीचे दोन तुकडे, सांध्यावर लुकणाचे थरावर थर. "हे लुकण तोंडात जाणाऱ्या वस्तूला चालत नाही, सर. पोटात गेलं तर बाधेल."

"घड्याळाला चालतं."

"घड्याळ जेवत नाही."

त्यांनी बाटली हातात फिरवली. मग म्हणाले, "मी तरी कुठे जेवतोय."

मी त्यांच्या हातातली बाटली घेऊन बूच लावलं. मग विचारलं, हे कधी झालं. "थोरल्या जावयांचा अक्रोड," म्हणाले. "पहिलाच. कडकन आवाज आला, मला वाटलं कवच."

"अहो, मग सांगायचं नाही का?"

"कुणाला? त्यांनी एवढ्या प्रेमाने पाठवलेले. तुम्ही एवढं चिरून, सजवून वाढताय. आणि धाकटीला कळलं तर ती क्रेनवरून उतरून थेट इथे उभी राहील." मग भिंग काढून पुसत बसले. ते मुळीच मळलेलं नव्हतं. "ती लहानपणी कशावरही चढायची. झाड, कुंपण, शाळेचं छप्पर. मी खालून ओरडायचो, उतर. दरवेळी उतरायची बिचारी. आयुष्यात पहिल्यांदा तिला चढू देतोय मी, जावईबापू. एका गाजरासाठी तिला उतरवू?"

मी शब्द दिला.

त्या संध्याकाळपासून घराचा स्वयंपाक बदलला. भोपळा आणि मसूर एकत्र अगदी मऊ शिजवतो, घुसळतो आणि त्यात अंडं फेटून सोडतो. भात सैल. मासा असेल तर काटे काढून भातात कुस्करतो. पालक वाफवून डाळीत विरघळवतो. संध्याकाळी दह्यात पिकलं केळं. आणि हे सगळं तिघांनाही एकसारखं. त्यांच्या एकट्याच्या ताटात मऊ दिसलं असतं तर ते पुन्हा गॅलरीत गेले असते. मी भिंगरीला सांगितलं, या महिन्यात घरात चावायला बंदी. तिला ते फार आवडलं. गंमत अशी की भोपळा भोपळ्यासारखा दिसत नसल्यामुळे ती दोनदा मागून घेते.

पहिल्या दिवशी सरांनी वाटी संपवली आणि गॅलरीकडे बघितलंसुद्धा नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "आहे का अजून?" इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही.

दातांच्या डॉक्टरकडेही नेलं, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. शेजाऱ्यांना सांगितलं, मनोऱ्याच्या घड्याळाचा आवाज ऐकायला सर हवेत. डॉक्टर म्हणाले, वजन उतरल्याने हिरड्याही उतरल्यात, थोडं भरू द्या मग माप घेऊ. तेव्हा आता भरतोय.

साडूभाऊंना काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा. माझ्यावर रुसलेत, पण रुसलेल्या माणसाला 'तुमच्या अक्रोडाने सासऱ्यांचे दात मोडले' असं कसं लिहू?

तुमचा,
भावजी


४ एप्रिल

साडूबुवा,

काही लिहिण्याची गरज नाही. मी वाचलं.

माझी बाजू ऐका. पाकिटावर तुम्ही 'सौ' लिहून पुढे पूर्णविराम दिला नव्हता. तो द्यायला म्हणून पेन काढलं. पेन टेकवताना बघितलं तर अक्षर तुमचं. आता माझ्या साडूचं पत्र माझ्या घरात येतं आणि ते माझ्या नावाने नसतं, हा एक प्रकारचा मुद्रणदोषच आहे. उघडलं. ही आता माझ्याशी बोलत नाही. म्हणजे घरातली शांतता तशीच आहे, फक्त रुसणारं माणूस बदललंय.

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि त्यात एकही चूक काढली नाही. असतील, पण दिसल्या नाहीत.

मी सरांना त्यांच्या साठीला बूट पाठवले होते तेही एक माप लहान निघाले होते. तेव्हाही ते काही बोलले नाहीत. ते घालून आमच्या घरी आले होते, आणि निघताना दारातले बूट मलाच आत आणायला सांगितलं, कारण त्यांना चालता येत नव्हतं. मी समजलो, दमलेत. मला त्यांची माफी मागायची आहे आणि मागता येत नाही, कारण मला काही माहीतच नाही! यापेक्षा मोठी शिक्षा तुम्ही दोघांनी ठरवूनही दिली नसती.

कालच माझ्या डॉक्टरांकडे गेलो. रक्तदाबाचं नाव काढू दिलं नाही, सरळ सरांचंच विचारलं. ते म्हणाले, या वयाला आधी ताकद राखायची. थोडं थोडं, दिवसातून पुष्कळदा द्या. डाळ, अंडं, दही, मासा यातलं काहीतरी प्रत्येक खाण्यात असू द्या. सूप नुसतं पाणीदार करू नका, पोट पाण्यानेच भरतं. भाताच्या पेजेत दुधाची पावडर ढवळा, वरून चमचाभर लोणी चालेल. लोणी! मी दोनदा विचारून घेतलं. मला नाही, त्यांना चालेल, असं ते म्हणाले आणि माझ्या शर्टाच्या खिशाकडे बघत राहिले. खिशावर पिठीसाखर होती.

सोबत हाताने फिरवायचं एक यंत्र पाठवतो, त्यात काहीही अगदी बारीक होतं. सरांना सांगा, भिंगरीसाठी आहे.

आणि त्या दाताच्या डॉक्टरांचं बिल काय असेल ते मी बघणार. याबाबतीत तुमचं ऐकलं जाणार नाही.

तुमचा,
साडू


२१ जुलै

प्रिय साडूभाऊ,

ताई परवा तुमच्याकडे पोचतील, पण त्या जिन्यावरूनच सांगायला लागतील आणि तुम्ही अर्धवट ऐकाल. शाळेच्या पुस्तकांची छपाई ऐन भरात म्हणून तुम्हाला येता आलं नाही. तेव्हा सगळं जागच्या जागी ठेवून सांगतो.

तुमची मेहुणी शनिवारी आली. परीक्षा पास, सोमवारपासून मोठ्या क्रेनवर. दारात पाऊल टाकल्याबरोबर तिने आम्हाला रांगेत उभं केलं आणि एकेकाला वरपासून खालपर्यंत बघितलं. भिंगरी उंच झालीय. मी थोडा रुंद झालोय. सरांसमोर ती जरा जास्त वेळ थांबली. नवी कवळी बसून तीन आठवडे झालेत, गाल भरलेत, पट्टा मूळच्या भोकावर आलाय. "बाबा, छान दिसताय," एवढंच म्हणाली आणि पटकन आत गेली. ताईंनी तिला जिन्यातच सगळं सांगितलं होतं. पडल्याचंही.

जेवायला सगळे बसलो. आता चावायची बंदी उठलीय, तरी भोपळा-मसूर भिंगरीच्या हुकमावरून होताच. शिवाय भाजलेला मासा, पालक, टोमॅटो-काकडी, आणि भात, न करपलेला. तुमच्या मेहुणीने ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हे कुणी शिकवलं?" मी तुमचं नाव घेतलं. अर्धंच घेतलं, फुगाल म्हणून.

पण भिंगरी जेवेना. आई इतक्या महिन्यांनी आलेली, आणि ही ओठ मिटून, मान खाली घालून बसलेली. विचारलं तर डोळ्यांत पाणी. शेवटी कळलं. शुक्रवारी शाळेत तिचे पुढचे दोन्ही दात एकदम पडले होते. वर्गातली पोरं हसली. सोमवारी वर्गाचा फोटो आहे आणि ती शाळेत जाणार नाही. आईला दाखवणारही नाही. घरातसुद्धा दोन दिवस ती ओठ न उघडता बोलत होती आणि माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. या बाबतीत मी काही शिकत नाही हे मान्य.

तुमची मेहुणी समजावत होती, ताई समजावत होत्या, मी काहीतरी विनोद केला तो फसला. मग सरांनी हातातला घास खाली ठेवला. "भिंगरी, सावधान," म्हणाले.

ती सवयीने ताठ बसली.

"इकडे बघ."

आणि साडूभाऊ, त्या माणसाने आम्हा सगळ्यांसमोर तोंडात बोटं घालून वरची कवळी काढली आणि बशीत ठेवली. बशीचा आवाज झाला तेवढाच. मग पोरीकडे बघून हसले. अख्खं, मोकळं, वरचा एकही दात नसलेलं हसू. मी त्यांना असं हसताना कधी बघितलं नव्हतं. कुणीच बघितलं नसेल.

भिंगरीचं तोंड आपोआप उघडलं. तिची खिंड दिसली. "आजोबा! तुमचे तर सगळेच!"

"सगळेच," सर म्हणाले.

आता आपल्या बायकांची कमाल ऐका. तुमच्या ताईसाहेबांनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "अगंबाई, बाबा! आम्हाला कधी बोलला नाहीत!" तुमची मेहुणी तर खुर्ची मागे सरकवून उभीच राहिली. "मला वाटायचं बत्तीसच्या बत्तीस!" दोघींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आणि चेहऱ्यावर असं आश्चर्य, की मलाच क्षणभर वाटलं, यांना खरंच माहीत नव्हतं की काय. सर दोघींकडे आळीपाळीने बघत राहिले. त्यांना कळलं असेल का? मला वाटतं कळलं. पण त्यांनीही वाटू दिलं.

भिंगरी खुर्चीवरून उतरून त्यांच्याजवळ गेली. बशीतली कवळी बोटाने हलवून बघितली. मग अगदी हळू विचारलं, "आजोबा, तुमचे परत कधी येणार?"

"माझे दुकानातून आले. संपलं," ते म्हणाले. बोबडे, पण खणखणीत. "तुझे आतून येणारेत. हाडातून, रक्तातून. त्यांना वर यायला शिडी लागते. ती कुठून मिळते, माहितीये?"

तिने मान हलवली.

त्यांनी तिचं ताट तिच्यासमोर ओढलं. "चढ."

ती खायला लागली. सर तसेच, कवळीशिवाय, तिच्याबरोबर भोपळा-मसूर खात बसले. एक चमचा ती, एक चमचा ते. माझं जेवण केव्हाच झालं होतं, ताईंचंही, पण कुणी उठलं नाही.

सोमवारी फोटो झाला. तुम्हाला प्रत पाठवायची आहे. रांगेत मधोमध एक मुलगी तोंड पूर्ण उघडून हसतेय, चटकन ओळखाल.

तुमचा,
साडू